दोरीवरचे चष्मे

नायलॉनच्या चार दोऱ्या होत्या, दोन आंब्यांच्या मधे एकीखाली एक ताणलेल्या. सगळ्यात वरच्या दोरीवर एक्याण्णव चष्मे, तिच्याखालच्या दोरीवर अठ्ठ्याऐंशी, तिसरीवर चौऱ्याण्णव, आणि चौथीवर, जी अजून भरत होती, एकोणचाळीस. एकूण तीनशे बारा. वाऱ्याने ते हलत होते म्हणून मी पुन्हा मोजले. पुन्हा तीनशे बाराच आले. काळ्या जाड फ्रेमचे होते, तारेचे होते, दांडीऐवजी सुतळी बांधलेले होते. एक अगदी लहान मुलाचा होता. ऊन काचांवर आलं की सगळी रांग एकदम लकाकायची आणि खाली बसलेल्या गर्दीतून "आहा" असा आवाज उठायचा.

गर्दी मात्र मोजता येत नव्हती. शहाड स्टेशनला उतरून उल्हास नदीच्या काठाने चालत आलं की राघोबाबांचा मठ. मठ म्हणजे पत्र्याची एक खोली, तिच्यापुढे उन्हात बांधलेला ओटा आणि ओट्यामागे हे दोन आंबे. १९८८ सालच्या फेब्रुवारीतला रविवार होता. कल्याण, डोंबिवली, ठाणे, सगळीकडून डोळ्यांचे रोगी आले होते.

"बघा भाविकहो, डोळे भरून बघा!" बाबांचा शिष्य दगडू माईकवर ओरडत होता. "चष्मा लावून आले, चष्मा टांगून गेले! डॉक्टर काय देतो? काच! आमचे बाबा काय देतात? नजर!"

"रतन, बगलंस गो?" माझी आत्या माझा दंड धरून म्हणाली. "एवरे चष्मे!"

भागीरथीआत्या ठाण्यातल्या कोपरीच्या बाजारात मासळी विकते. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं आणि तिनेच शिकवलं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि ठाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला लागले, तेव्हा तिने बाजारात पेढे वाटले होते, पापलेटाच्या टोपलीशेजारी बसून.

जानेवारीत तिला विजेच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस दबत जाते. चष्मा लावून उजवा डोळा ६/९, डावा ६/२४. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर चोवीस मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला आत्याच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागत होतं. डॉक्टरबाईंनी थेंब दिले आणि बजावलं, "मावशी, या थेंबांनी नजर वाढणार नाही. आहे ती टिकेल. पण एकही दिवस चुकवायचा नाही."

आत्याला हे पटलं नाही. थेंब घातले की डोळा चुरचुरायचा, आणि दिसायचं तर तेवढंच. "वाढत नाय तर घालायचं कनाला?" ती विचारायची.

तेवढ्यात मनुबाईने तिला राघोबाबांचं सांगितलं; ती स्वतः डोळ्यांसाठी त्यांच्याकडे जात होती. मनुबाई बाजारात आत्याच्या शेजारी बसते. दोघी लग्न होऊन कोपरीत आल्या त्या एकाच वर्षी, आणि तेव्हापासून रोज खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत. भांडतात, पण एकमेकींच्या मालाला कधी नाव ठेवत नाहीत. मी मुद्दाम मनुबाईकडे जाऊन विचारलं होतं, "मावशी, खरंच गुण आला का?"

ती सुरमईचा तुकडा पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसतंय."

म्हणून आम्ही शहाडला आलो होतो.

बाबा ओट्यावर आले. गोरेपान, दाढी तेल लावून विंचरलेली. वाऱ्याबरोबर कुठल्याशा कारखान्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. पुढच्या बाईने नाकाला पदर लावताच बाबा हसले.

"माउली, हा वास कारखान्याचा नव्हे! तुमच्या डोळ्यांतला अंधार जळतोय, त्याचा हा वास!"

वास स्टेशनपर्यंत येत होता. अंधार बराच जळत असावा.

"डॉक्टर म्हणतो डोळा बिघडला," बाबा पुढे सांगू लागले. "अरे, डोळा कधी बघतो का? डोळा ही खिडकी! बघणारा आत झोपलाय! खिडकी पुसत बसलात तर तो जागा होईल का?" मग त्यांनी पिंपळाच्या पानासारखी कापलेली तांब्याची पातळ पट्टी उचलली. "हे नेत्रदल. हे झोपलेल्याला उठवतं. या आजोबा, चष्मा काढा!"

एक म्हातारे गृहस्थ चाचपडत वर गेले. दगडूने पंचांग उघडून त्यांच्यापुढे धरलं. आजोबांनी मान हलवली. नुसत्या डोळ्यांनी एक अक्षरही लागत नव्हतं. बाबांनी तांब्याचं पान त्यांच्या डोळ्यापुढे धरलं, काहीतरी पुटपुटले, आणि आजोबा अडखळत वाचायला लागले. तिथी, नक्षत्र, खालचं बारीक टाइपातलं सगळं. वाचता वाचता ते रडायला लागले. गर्दी उठून उभी राहिली.

त्या पानाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. मला ते उन्हात स्पष्ट दिसलं.

मी आत्याला बाजूला नेलं. पर्समधल्या बसच्या तिकिटाला सेफ्टी पिनने भोक पाडलं आणि तिचा चष्मा काढून ते तिच्या डोळ्यापुढे धरलं. "समोरची पाटी वाच."

"येथे... चपला... काढाव्यात." तिने तिकीट खाली केलं, पुन्हा वर धरलं. "अगो बाय!"

"यात जादू नाही, आत्या. डोळ्याचं भिंग नीट नसलं की आत येणारे किरण पसरतात आणि अक्षर पुसट होतं. बारीक भोकातून थोडेच किरण आत जातात, ते पसरत नाहीत, म्हणून अक्षर रेखीव दिसतं. ऊन भरपूर लागतं, म्हणून ओटा उन्हात बांधलाय. तिकीट बाजूला केलं की पुन्हा पहिल्यासारखं. आणि काचबिंदूशी तर याचा काही संबंधच नाही."

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. तिकिटातून आणखी एकदा पाटी पाहिली. मग आंब्याकडे बोट केलं.

"भोक तू पाडलंस, मानलं. पन ते चष्मे कुनी टांगले? तू टांगलेस? आनि मनू काय मना खोटं बोलंल?"

पानाचं भोक मला समजलं होतं. तीनशे बारा माणसं समजली नव्हती.

बाबांकडून डोळ्यांत थेंब घालून घेणाऱ्यांची रांग ओट्याकडे सरकत होती. ओट्याच्या पायरीशी दगडू उभा होता. "चष्मा इकडे, मावशी. चष्म्याचा मोह ठेवून वर गेलं तर थेंब लागत नाही." त्याने आत्याचा चष्मा घेतला आणि थेट नेऊन चौथ्या दोरीवर अडकवला. आत्याच्या डोळ्यात अजून एक थेंबही पडला नव्हता.

माझ्या मागे उभी असलेली बाई तिच्या नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "अहो, तो बघा, आत्ता टांगला! आजच कुणाला तरी गुण आला!"

मी मागे वळून त्या बाईकडे पाहिलं. मग दोरीकडे पाहिलं. तीनशे तेरा.

"बाई, तो चष्मा माझ्या आत्याचा आहे. ती अजून रांगेत आहे. ती बघा."

"असेल," बाई म्हणाली. "बाकीचे तर बरे झालेलेच असतील ना?"

बाबांनी आत्याच्या डोळ्यांत थेंब घातले. कापूर आणि गुलाबपाण्याचा वास माझ्यापर्यंत आला. मग ते वाकून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलले. मी जवळ जायला लागले तर दगडू आडवा आला. "कानमंत्र आहे ताई. ज्याचा त्याला."

परत येताना मी आत्याकडून वचन घेतलं. बाबांचे थेंब घाल, पण डॉक्टरांचेही चुकवू नकोस. ती हो म्हणाली. डॉक्टरांच्या थेंबांची बाटली मी खिडकीत ठेवली आणि आठवड्याला पातळी बघत गेले. ती नियमाने उतरत होती. बाटली संपली की मी नवी आणायची.

मार्च गेला. कोपरीतली आणखी चार माणसं शहाडला जाऊन आली, आत्या आणि मनुबाईच्या भरवशावर. बर्फवाला मारुती, जाळी विणणारा नाथा, गल्लीच्या टोकाची जनाबाई आणि तिची विहीण तुळसा. मी प्रत्येकाला विचारत होते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"दिसतंय," मारुती म्हणाला.

"दिसतंय," नाथा म्हणाला.

"दिसतंय गो," जनाबाई म्हणाली. तुळसानेही तेच सांगितलं.

आत्याला रोज विचारत होते. "दिसतंय."

एप्रिलच्या सुरुवातीला प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना पाच मुलांचं एकाच लंबकाचं उत्तर दशांशासकट तेच आलं. मी पाचांनाही बोलावलं. पाच जणांनी स्वतः मोजलं तर पाच उत्तरं थोडी थोडी इकडेतिकडे सरकतात. कुणाचा हात थरथरतो, कुणाचं घड्याळाकडे उशिरा लक्ष जातं. उत्तर तंतोतंत एक आलं तर कुणी मोजलेलंच नसतं, एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी लिहिलं. हे मी मुलांना समजावून सांगत होते आणि बोलता बोलता थांबले.

सहा माणसं. वय वेगळं, डोळे वेगळे, आजार वेगळे. "थोडंसं बरं आहे" असं कुणीही म्हणालं नव्हतं. "सकाळी बरं, संध्याकाळी नाही" असंही नाही. "पैसे वाया गेले" असं म्हणणारा एखादा तरी कुठल्याही औषधाला भेटतोच. इथे सहांच्या तोंडी एक शब्द होता, आणि तो तंतोतंत तोच होता.

तो शनिवार होता. घरी आले तेव्हा आत्या चहा गाळत होती. चहा कपाच्या डावीकडे ओट्यावर पडत होता आणि तिला ते कळत नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात उंच केला, हलवला. तिने मान वळवली नाही.

"आत्या, माझा हात कुठे आहे?"

"दिसतंय."

"कुठे आहे, ते विचारलं."

"दिसतंय बोलले ना!"

"किती बोटं आहेत?"

"दिसतंय, दिसतंय, दिसतंय!" ती ओरडली, आणि किटली ठेवून खाली बसली. पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता गेलं. तुझ्यापाई गेलं सगलं. रडले म्हंजे नाय म्हनल्यासारखंच, आनि नाय म्हनलं का थेंब उतरतो."

"कोण म्हणालं?"

"बाबा. कानात. तीन पुनवा होईस्तवर कुनीपन इचारलं तरी 'दिसतंय' हेच बोलायचं. जिभेनं नाय म्हनलं का डोला ऐकतो आनि मिटतो." तिने डोळे पुसले. "दोन पुनवा झाल्या होत्या. एकच रायली होती."

मी खिडकीतल्या बाटलीकडे पाहिलं. पातळी गेल्या आठवड्यापेक्षा खाली होती.

"आणि हे थेंब?"

तिचा चेहरा दाराबाहेरच्या तुळशीकडे वळला. दुसरं औषध डोळ्यात गेलं तर बाबांचा थेंब विटतो, हेही कानातच सांगितलं होतं. मी रागावू नये म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ मोजून थेंब टाकत होती, कुंडीत. मी दोन महिने बाटलीची पातळी मोजत राहिले. थेंब कुठे पडतात, ते मोजलं नाही.

मी नवी बाटली आणली आणि स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांत थेंब घातले. मग ती उठली. "मनूकडं चल."

मनुबाई दारात बसली होती. आत्याने उंबऱ्याशीच विचारलं, "मने, खरं सांग. तुना दिसतंय?"

"दिसतं..."

"माझ्या गल्यावर हात ठेवून सांग."

मनुबाईने हात उचलला, पण ठेवला नाही. तिची तिसरी पौर्णिमाही कधीच होऊन गेली होती. नाही दिसलं म्हणून ती शहाडला गेली, तर बाबांनी सांगितलं, मध्ये कधीतरी मनात 'नाही' म्हणाली असशील, पुन्हा पहिल्यापासून मोज. तिच्या टोपलीतल्या मासळीचं वजन आता तिची सून करत होती.

"तू मना फसवलंस, मने."

"मी तुना बोललेच नाय गो भागे," मनुबाई म्हणाली. "मी माझ्या डोल्यांना बोलत होते."

"पन ऐकलं मी ना!"

आत्या तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. मनुबाईने विचारलं, "मना तरी कुनी सांगितलं? कल्यानच्या माझ्या नणंदेनं. तिचीपन पुनव चालू असंल तवा."

दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. आत्या म्हणाली, "माझा चष्मा मना परत पायजे." मनुबाई म्हणाली, "माझापन."

मठात चौथी दोरी भरली होती आणि पाचवी बांधली होती. बाबा ओट्यावर तांब्याचं पान घेऊन उभे होते. मी आदल्या संध्याकाळी पोस्टकार्डांचे तुकडे करून प्रत्येकाला पिनने भोक पाडलं होतं. ते मी रांगेत वाटत गेले. "चष्मा काढा आणि यातून ती पाटी वाचा." माणसं वाचायला लागली. कुणी हसलं, कुणी पोस्टकार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबा, हिच्या पोस्टकार्डातपण दिसतंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबा गडबडले नाहीत. "बाळ, भोकाला काय महत्त्व? भोक तर चाळणीलाही असतं! महत्त्व आहे श्रद्धेला. हे बघा, हे साडेतीनशे जीव साक्षीला टांगलेत! ही पोर खरी की हे साडेतीनशे खरे?"

गर्दीने मान डोलावली. तोच प्रश्न, आत्याने विचारलेला.

"हे चष्मे बरे झालेल्यांचे नाहीत," मी म्हणाले. "थेंब घालायच्या आधी काढून घेतलेले आहेत. दोरीवर किती चष्मे आहेत, त्यावरून किती जण आले तेवढंच कळतं. किती जण बरे झाले, ते नाही. माझी आत्या फेब्रुवारीपासून तिथे टांगलेली आहे. तिला दिसत नाही."

"तिला स्वतःला बोलू दे!" दगडू माईकवर म्हणाला. ती 'दिसतंय'च म्हणणार, याची त्याला खात्री होती. आत्याने तोंड उघडलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

मग मनुबाई पुढे झाली. ज्या आवाजात ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला बोंबील घ्यायला लावते, त्या आवाजाला माईक लागत नाही.

"मना दिसत नाय!" ती ओरडली. "ऐका गो बायांनो! तीन पुनवा खोटं बोलले, आनि परत तीन बोलतेय! कानात काय सांगितलंय, ते मी चारचौघांत सांगतेय! कुनी इचारलं का 'दिसतंय' बोलायचं! तुमानापन हेच सांगितलंय का नाय?"

मग ओट्याजवळ बसलेले ते पंचांगवाले आजोबा उभे राहिले. त्यांची तेव्हा तिसरी पौर्णिमा चालू होती. "मलाही दिसत नाही," ते हळूच म्हणाले, जणू कुणाची तरी माफी मागत होते.

"मला पण नाही."

"माझ्या आईला नाही हो."

"तू मला घरी येऊन सांगितलंस, दिसतंय म्हणून!"

"मला तुझ्या भावाने सांगितलं होतं!"

प्रत्येक जण दुसऱ्याकडे वळून बघत होता. ज्याच्या शब्दावर आले तो समोरच उभा होता आणि तोही कुणाच्या तरी शब्दावर आला होता. राघोबाबांनी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांनी फक्त कानात अट घातली होती. पुढचं काम शेजाऱ्याने शेजाऱ्याला, नणंदेने भावजयीला सांगून केलं होतं.

"श्रद्धा कमी पडली!" बाबा म्हणाले. "तोंडाने विटाळ केलात!" पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. ते पत्र्याच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

गर्दी आंब्याकडे धावली. आणि तिथे एक विचित्र गोष्ट झाली. कुणालाच आपला चष्मा ओळखू येईना, कारण ओळखायला चष्मा नव्हता. माणसं दुसऱ्याचे चष्मे घालून पाहत होती, काढत होती, शेजाऱ्याला देत होती. मी दोरीवरून एकेक चष्मा काढून पुढे करत गेले. आत्याचा तिच्या बोटांनी ओळखला. डाव्या दांडीवर तिने खवले खरवडताना पडलेली खाच होती. लहान मुलाचा चष्मा न्यायला कोणी आलं नाही.

मी पुष्कळांना त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे लिहिते. कुणी एखाद्या औषधाची, वस्तूची, महाराजाची तारीफ केली, तर तो माणूस चांगला आहे का, एवढंच विचारून थांबू नका. मनुबाई चांगलीच आहे. त्याला 'नाही' म्हणायची मुभा आहे का, ते विचारा. त्याने तारीफ गुण येण्याआधी केली की नंतर, ते विचारा. आणि ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत, ते शोधा. ते दोरीवर दिसत नाहीत.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंनी आत्याला चष्मा लावून तक्त्यासमोर बसवलं. आधी उजवा डोळा, मग डावा. मग तक्ता बाजूला ठेवून खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च लावून डाव्या डोळ्याजवळ आणला, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. "उजेड कुठून येतोय, मावशी?" त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं.

उजवा डोळा, ६/१२. डावा डोळा, उजेडाची जाणीव नाही.